सेन्सेईंची गाणी आणि आजोबांचा पाय

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना सेन्सेई म्हणत. खरं तर ते कुणाचे शिक्षक नव्हते. आठवड्यातून दोनदा येऊन आम्हा इंजिनिअरांची इंग्रजी पत्रं सुधारून द्यायची, एवढंच त्यांचं काम. वय पंचाहत्तरीच्या पुढे, उंची दारात वाकावं लागेल इतकी, आणि पँटचे पाय सायकलच्या चिमट्यांनी घोट्याशी बांधलेले. सायकल त्यांनी दहा वर्षांपूर्वीच सोडली होती. चिमटे कशाला, असं विचारलं तर म्हणत, "सवय मोडायला कारण लागतं. मला अजून मिळालेलं नाही."

ते मूळचे आयर्लंडचे, तिथल्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातले. जपानी बाईशी लग्न करून चाळीसएक वर्षांपूर्वी इकडे आले, बाई गेली तरी राहिले. गेल्या वसंतात दोन बॅगा घेऊन ते आपल्या पुतणीकडे परत गेले. त्यांच्याबद्दल हे मी ते इथे असतानाच लिहायला हवं होतं. पण ज्या गोष्टी वेळेवर केल्या नाहीत त्यांची माझी यादी मोठी आहे, आणि त्यातली सगळ्यात जड गोष्ट त्यांच्याशीच बांधलेली आहे.

पत्र सुधारताना ते लाल पेन्सिल वापरत. "पाठवणीत उशीर झाला" किंवा "चाचणीत चूक राहून गेली" असं वाक्य दिसलं की त्याभोवती गोल काढून समासात लिहीत: कुणाकडून? आमचे मॅनेजर एकदा अगदी नम्रपणे म्हणाले, "सेन्सेई, आमच्याकडे असं माणसाचं नाव घेत नाहीत. टीमची चूक असते." सेन्सेई तितक्याच नम्रपणे वाकून म्हणाले, "आमच्याकडे तर त्याचं गाणं करतात."

मला तो विनोद वाटला. तो नव्हता.

ते टोकियोजवळच्या उरायासूला आमच्याच इमारतीत राहतात, हे मला वर्षभरानं कळलं, तेही कचऱ्यामुळे. इकडे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याला ठरलेला दिवस असतो; त्या दिवशी जळणाऱ्या कचऱ्याची पाळी होती, सकाळचे सात. कचऱ्यावर घालायच्या जाळीपाशी पिशवी ठेवून सेन्सेई उभे होते, डोळे मिटून, भर रस्त्यावर गात. पलीकडे शाळेत निघालेली चार मुलं पिवळ्या टोप्या घालून खिळून उभी. गाणं संपल्यावर ते मला म्हणाले, "आज डेनिसचा दिवस आहे." मी म्हटलं, "अच्छा, माझ्याकडूनही शुभेच्छा सांगा."

डेनिस शंभर वर्षांपूर्वी चुन्याच्या भट्टीपाशी गोळी लागून मेला होता. एकोणीस वर्षांचा, दूध डेअरीत कामाला. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्यांच्या टोळीत जेमतेम सात महिने. त्याचं ना स्मारक, ना पुस्तकात नाव. फक्त त्यांच्या गावात बारा कडव्यांचं एक गाणं. सेन्सेईंच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कचऱ्याच्या दिवसांच्या खाली लाल अक्षरात अशी नावं लिहिलेली असत. बाटल्या आणि डबे, खाली मायकेल. जुने कागद, खाली नोरा, जी लोण्याच्या मडक्यात काडतुसं लपवून नेत असे. होरी-सान म्हणून त्यांचे एक मित्र होते, निवृत्त रेल्वे कंडक्टर, बासरी वाजवणारे. त्यांनी ते कॅलेंडर पाहून एकदा डेनिससाठी मेणबत्त्यांसकट केक आणला. खरी हकीगत कळल्यावर बिचारे कमरेत नव्वद अंशात वाकून माफी मागायला लागले. सेन्सेईंनी त्यांना सरळ केलं आणि म्हणाले, "शंभर वर्षांत त्याला केक आणणारा तू पहिला. काप." आम्ही तो खाल्ला. स्ट्रॉबेरीचा होता.

"मोठ्या पुढाऱ्यांची गाणी तुम्ही का म्हणत नाही?" मी एकदा विचारलं.

"त्यांचे पुतळे आहेत. पुतळ्यांना कबुतरं असतात सोबतीला. माझ्या लोकांना मीच आहे."

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी त्यांच्या दोन खोल्यांत बैठक भरे. होरी-सान, फुलांचं दुकान चालवणाऱ्या एक बाई, जवळच्या शाळेतला एक शिक्षक, आणि मग आम्ही: मी, बायको मेधा आणि मुलगी ईरा. बैठकीचे नियम कडक होते. गाण्याआधी ते कुणाकडून शिकलो ते सांगायचं. "हे मला बिडी आत्याकडून मिळालं, तिला तिच्या शेजाऱ्याकडून, आणि तो भट्टीपासून दोन शेतं अलीकडे राहायचा." मगच पहिला सूर. दुसरं म्हणजे गाताना ते शेजारच्या माणसाचा हात हातात घेत आणि गाण्याच्या लयीत हळूहळू गोल फिरवत. त्यांच्या गावाकडची ती रीतच होती. ऐकणारा गाणाऱ्याला सोडून देत नाही, असं ते म्हणत. होरी-सान पहिल्यांदा त्या हातात सापडले तेव्हा कानापर्यंत लाल झाले. बारा कडवी हात फिरत राहिला. नंतर ते मला म्हणाले, "बायकोचाही इतका वेळ धरला नाही कधी."

पण लढवय्यांची गाणी ते लगेच सुरू करत नसत. पहिलं गाणं नेहमी त्यांच्या स्वतःच्या आजोबांचं. हे आजोबा लढाईच्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या भीतीनं तीन दिवस कोंबड्यांच्या खुराड्यात लपून बसले होते. गाणं त्यांच्या आजीनं रचलेलं. त्यात कोंबडा त्यांना विचारतो, पाहुणे, अंडी कधी देणार? सेन्सेई ते इतक्या प्रेमानं गात की हसताना डोळ्यांत पाणी येई. म्हणजे भित्र्या आजोबाची त्या खोलीत काही लाज नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण यानंतर मी जे केलं त्याला कसलीच सबब उरत नाही.

नव्या माणसानं पहिल्या बैठकीत काहीतरी द्यायचं असे, गाणं नाही तर गोष्ट. मला गाता येत नाही. सेन्सेई म्हणाले, "तुमच्याकडेही तेच राज्य होतं की. तुझ्या घरातलं कोण होतं त्यात?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. ईरा तेव्हा नऊ वर्षांची, माझ्या मांडीला टेकून बसलेली. मी म्हटलं, "माझे आजोबा."

आणि मी सांगितलं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. बेचाळीसची चळवळ, भूमिगत झालेली पोरं, त्यांनी गावोगाव उभं केलेलं स्वतःचं सरकार. आजोबा उसाच्या फडातून त्यांना भाकरी पोचवत. पोलिसांनी पकडलं, नावं विचारली, तळपायांवर काठ्या मारल्या. आजोबांनी एक नाव सांगितलं नाही. मरेपर्यंत लंगडत होते.

यातलं लंगडणं खरं होतं. मी लहानपणी त्यांच्या पायांना तेल लावलं आहे. तळव्यांची हाडं बसकी झालेली होती. घरात आम्हा मुलांना हीच गोष्ट सांगत, पोलिसांनी मारलं म्हणून. पण अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरताना मला त्यात स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठी एक रकाना दिसला, आणि मी वडिलांना म्हटलं, "अण्णा, आपण आजोबांचे कागद का नाही काढत?" वडिलांनी अर्ज माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "तो रकाना सोड. मारलं ते पोलिसांनी नाही. त्या पोरांनीच मारलं." आजोबा गावचे पोलीस पाटील होते. लपलेल्या एका पोराचा ठावठिकाणा त्यांनी फौजदाराला सांगितला. पोरगा मारला गेला. भूमिगतांनी मग आजोबांना उचललं आणि खबऱ्याला देत ती शिक्षा दिली.

म्हणजे त्या रविवारी मला सगळं माहीत होतं. मी फक्त काठ्या एकांच्या हातातून काढून दुसऱ्यांच्या हातात दिल्या.

सेन्सेईंनी उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला. "हे तुला कुणाकडून मिळालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वडिलांकडून." हेही खोटंच होतं.

तीन महिन्यांनी त्यांनी आजोबांवर इंग्रजीत नऊ कडव्यांचं गाणं केलं. जुन्या चालीवर, उसाच्या फडासकट. होरी-सानांनी त्याला बासरी बसवली. मार्चमध्ये टोकियोतल्या एका बागेत आयरिश लोकांचा मेळा भरतो, तिथं त्यांनी ते दोनशे माणसांपुढे म्हटलं. सुरुवातीला सांगितलं, "हे मला माझ्या मित्राकडून मिळालं, त्याला त्याच्या वडिलांकडून." मेधानं माझा दंड धरला होता. तिचे डोळे भरले होते. ईरानं शाळेत पणजोबांवर जपानीत निबंध लिहिला, आणि तो वर्षभर वर्गाबाहेरच्या भिंतीवर लावलेला होता. पालकसभेला गेलो की मी त्या भिंतीच्या बाजूनं न जाता जिन्यानं वळसा घालून जात असे.

मेधाला मी का सांगितलं नाही? ती ज्या नजरेनं पाहत होती ती मला हवी होती. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

एका बैठकीत सेन्सेईंनी वेगळंच गाणं म्हटलं. त्यांच्या गावच्या एका खबऱ्याचं. त्याच्या आईला तो दलदलीत सापडला, छातीवर चिठ्ठी टाचलेली. गाणं आईच्या तोंडचं होतं. त्यात मारणाऱ्यांना शिव्या नव्हत्या, मुलाची बाजूही घेतलेली नव्हती. ती फक्त त्याचे बूट शोधत होती. सेन्सेई म्हणाले, "लढणारे माझे होते. हाही माझ्याच गावचा होता. सगळ्यांचीच गाणी म्हणावी लागतात, नाहीतर ती गाणी नव्हेत, भाषणं."

मी विचारलं, "त्याची नातवंडं वगैरे आहेत का?"

"असतील. गप्प असतील."

घरी येताना लिफ्टमध्ये मेधा म्हणाली, "काय रे, बरं नाही का?" मी म्हटलं, "एसी फार होता."

दीडएक वर्षापूर्वी सेन्सेईंच्या हृदयाचं काहीतरी निघालं. हॉस्पिटलातून आल्यावर त्यांनी ठरवलं, की आता आपली सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवायची. एकूण एकतीस. प्रत्येकाआधी ते कुणाकडून मिळालं ते. पुतणी ती तिथल्या एका संग्रहालयात देणार होती. एकतिसावं गाणं आजोबांचं होतं. ते मला उत्साहानं म्हणाले, "गड्या, तुझा म्हातारा आता आमच्या लोकांत कायमचा राहणार."

त्या आठवड्यात मी ऑफिसात दोन मीटिंगा विसरलो. शनिवारी सकाळी खाली त्यांच्याकडे गेलो. ते स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोलत बसले होते. आमच्याकडे बाटली, लेबल आणि झाकण वेगवेगळं टाकावं लागतं. मी न बसताच सगळं सांगून टाकलं. लंगडणं, काठ्या, रकाना, वडील.

ते लेबलं सोलत राहिले. तीन बाटल्या झाल्या. मग म्हणाले, "त्याचं नाव काय?"

"आजोबांचं? तुम्हाला तर..."

"तुझ्या आजोबांचं नाही. त्या पोराचं."

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तीस वर्षं मी आजोबांची लाज सांभाळत होतो, मग त्यांचं खोटं मोठेपण. आणि ज्याचा जीव गेला तो माझ्या डोक्यात नुसता 'एक पोरगा' होता.

त्यांना चिडलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. आवाज चढला नाही, पण हातातली बाटली चेमटली. "खोटं बोललास ते मी समजू शकतो. माझ्या गावात लढाई संपल्यावर निम्मं गाव लढलेलं होतं. पण मी दोनशे लोकांपुढे उभा राहून एका मेलेल्या पोराच्या जागी दुसऱ्याला उभं केलं, आणि त्या पोराचं नावही कुणाला माहीत नाही. ते माझ्या तोंडून करवलंस तू." मग म्हणाले, "मीही विचारलं नाही. फडात आणखी कोण होतं, हे मी विचारायला हवं होतं. गोष्ट छान होती ना, म्हणून नाही विचारलं. जा, नाव घेऊन ये."

त्याच दिवशी मेधाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला वाईट कशाचं वाटतंय माहितीये? आजोबा कसे का असेनात, मला चाललं असतं." ईरानं "होंतो?" म्हणून विचारलं, म्हणजे खरंच का. मी हो म्हटल्यावर ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. शाळेत जाऊन तिनं स्वतः बाईंना सांगितलं, की निबंधातली माहिती चुकीची होती. "चूक कुणाची ते सांगितलंस?" मी विचारलं. "हो. बाबांची."

मग मी कराडला आत्याला फोन लावला. चौऱ्याऐंशीची आहे, पण आवाज खणखणीत.

"कशाला उकरतोस रे आता? तिथं जपानात काय कामं नाहीत व्हय तुला?"

"आत्या, नुसतं नाव सांग."

ती म्हणाली, "दगडू. दगडू लोहार. बावीस वर्षांचा होता. पोरांच्या बंदुका दुरुस्त करून द्यायचा. गुऱ्हाळाच्या माळ्यावर होता, तिथं घातली गोळी. बायको पोटुशी होती." मग ती पुढे म्हणाली, "आबाच्या, तुझ्या आजोबाच्या, धाकट्या भावाला ठाण्यात डांबलं होतं रे. त्याला सोडवायला गेला, आन् हे सांगून आला. आई सांगायची, त्या दिवसापासून आबा गुऱ्हाळाचा गूळ खात नव्हता."

हे मी सबब म्हणून लिहीत नाही. आत्यानंही सबब म्हणून सांगितलं नाही.

तिनंच पुढची माहिती काढली. दगडूचा मुलगा वारला होता, पण त्याची बायको, शांताकाकू, त्याच गावात होती. सासूनं म्हणजे दगडूच्या बायकोनं जात्यावर दळताना ओव्या रचल्या होत्या, त्या काकूंना सगळ्या पाठ होत्या. मी त्यांना फोन केला आणि पहिल्याच वाक्यात मी कुणाचा नातू ते सांगितलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मग? आता काय म्हणायचंय?" काकू म्हणाल्या.

मी माफी वगैरे काहीतरी बोलायला लागलो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. ज्येनं मागायची त्यो ग्येला, जिनं द्यायची ती बी ग्येली. फोन कशापायी केला त्ये सांगा."

मी सेन्सेईंबद्दल सांगितलं. दूरच्या देशातल्या मेलेल्या पोरांची गाणी सांभाळणारा एक म्हातारा, ज्यानं मला नाव आणायला पाठवलं. काकूंना हसू फुटलं. "अगं बाई! त्याला आमच्या सासूच्या व्हव्या काय कळायच्यात?"

"एक अक्षर कळणार नाही काकू. पण ते ऐकतील."

"त्याच्यासाठनं म्हन्ते मग. तुमच्यासाठनं न्हाई."

रविवारी दुपारी तीनला सेन्सेई आमच्याकडे वर आले. कोट घालून आले होते. तिकडे साडेअकरा झाले होते. काकूंच्या सुनेनं फोन समोर धरला होता, मागे निळी भिंत आणि कणगी. ईरा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. मी सेन्सेईंना म्हटलं, "प्रत्येक ओळीचा अर्थ सांगू का?" ते म्हणाले, "नंतर. आधी तिला म्हणू दे."

काकूंनी पदर सारखा केला आणि कुणाकडे न पाहता सुरुवात केली.

*गुऱ्हाळाच्या माळ्यावरी, माझा लोहार निजला,*
*तांबडं फुटायाच्या आधी, खाली शिपाई साचला.*

आवाज थकलेला होता, पण डगमगत नव्हता. ओवीमागून ओवी येत होती. त्यात बंदुका नव्हत्या, सरकारही नव्हतं. भाता होता, निवलेली ऐरण होती, पोटातलं पोर बापाला कशावरून ओळखणार हा प्रश्न होता. सेन्सेई पुढे झुकून ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते. शब्द नव्हे, चाल धरत होते.

आठव्या की नवव्या ओवीला काकू मध्येच थांबल्या. फोनकडे पाहून म्हणाल्या, "म्होरं तुमच्या आज्याचं नाव येतंय, बाळा. वडलाच्या नावासकट हाय. सोडू का तेवढी?"

सेन्सेईंना मराठी येत नाही. पण कुणी ऐकणाऱ्याला सांभाळण्यासाठी थांबलं, तर ते त्यांना कुठल्याही भाषेत कळत असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मदत केली नाही, हात धरला नाही. आपल्या गुडघ्यांकडे पाहत ते थांबून राहिले. त्या थांबण्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. ते काही बोलले असते तर उत्तर त्यांचं झालं असतं.

मी म्हटलं, "नको काकू, सोडू नका. म्हणा."

काकूंनी क्षणभर मला नीट पाहून घेतलं. मग पाणी प्यायल्या, आणि परत अगदी पहिल्या ओवीपासून सुरुवात केली. या वेळी त्या नावापाशी थांबल्या नाहीत.